नानाजींचा तपास

जांब कापला की बिया मधल्या गरात दाटून राहतात. कडेच्या फोडी तेवढ्या मऊ आणि बिनबियांच्या निघतात. नानाजींच्या दाढा पडल्या आहेत, हे शेवंताने मागच्या खेपेलाच पाहून ठेवले होते. कडेच्या फोडी तिने त्यांच्या बाजूला लावल्या.

नागपूरला सायन्स शिकून ती गोंडपिपरीला परतली होती. पोंभुर्ण्याचे नानाजी आपल्या पुतण्याला, मनोहरला, घेऊन तिला पाहायला तिसऱ्यांदा आले होते. मनोहर तिला पहिल्याच खेपेला आवडला होता; पण नानाजी काही होकार देईनात. त्यांच्या घराण्याची रीतच होती : शब्द दिल्याशिवाय मुलीकडचे गोड, अगदी फळसुद्धा, तोंडात घालायचे नाही, घातले, तर शब्द दिला असे समजायचे. म्हणून नानाजी दर खेपेला चिवडा आणि बिनसाखरेचा चहा घेऊन "कळवतो" म्हणत उठायचे.

"जांब घ्या ना जी," शेवंताचे वडील गुणवंतराव म्हणाले.

"नको. आन् जांब काय म्हणता? पुण्याले शिकलो मी. पेरू म्हणा! पेरू देशातून आला म्हणून पेरू."

शेजारचे फळवाले बाबूभाई बसल्या जागी उसळले. "क्या बात करते, नानाजी! अमरूद है वो. फारसी लफ्ज है."

"फारसीत अमरूद म्हणजे नाशपाती, चाचा," शेवंता हळूच म्हणाली.

नानाजी खूश झाले. "आता बोला, बाबूभाई!"

"पण पोर्तुगीज लोकबी नाशपातीलेच पेरा म्हणतात जी," शेवंता पुढे म्हणाली. " पेरू त्याच्यावरूनच आला असन, असं काही विद्वान म्हणतात."

"काऊन? नाशपाती अशी लागते का?" नानाजींनी तावातावाने एक फोड तोंडात टाकली. "नाई! बिलकुल नाई!"

दाराआडून पाहणाऱ्या रुखमाबाईंनी, म्हणजे शेवंताच्या आईने, पदर तोंडाशी नेला. शेवंताचा चेहरा मात्र प्रयोगशाळेतल्यासारखा शांत होता.

"सिरोंच्याकडे तेलुगूत जामकाया म्हणतात जी."

"म्हणजे तो आपल्या जांबाचाच भाऊबंद!" गुणवंतराव म्हणाले.

"एका फोडीवरून काय समजते?" नानाजींनी दुसरी उचलली. पुढे ग्वावा हा इंग्रजी शब्द दूरच्या बेटांवरून आला, असे कळल्यावर तिसरी. मुद्दा निघेल तशी फोड जात राहिली, आणि वाद रंगात असतानाच ताटली रिकामी झाली.

"मुबारक हो, नानाजी!" बाबूभाई म्हणाले.

नानाजींचा हात ताटलीतच थबकला. "हे... हे खाणं नोहे. तपास होता. आन् फोडीले मीठ होतं."

"मिठाची वाटी तर भरलेलीच आहे, भाऊ," रुखमाबाई दारातून म्हणाल्या.

नानाजी टोपी शोधू लागले. "मले अजून विचार करा लागन."

तीन खेपांत एक अक्षर न बोललेला मनोहर उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुमी विचार करा, काका," तो म्हणाला. "मले शेवंताशीच लग्न करायचं आहे."