चोचीतलं द्राक्ष

"आज चमच्यांचं नाव काढायचं नाही," होणाऱ्या व्याह्यांच्या दारावरची बेल दाबता दाबता बायकोने बजावलं. "लेकीच्या लग्नाची बोलणी आहेत. पहिलीच भेट."

"छे! एवढं कळतं मला," आबा म्हणाले आणि त्यांनी कोटाचा खिसा चाचपला. नमुन्याचा चमचा आणि भिंग, दोन्ही जागच्या जागी होतं.

आबांकडे जुन्या चांदीच्या चमच्यांचे सत्तावीस संच होते. त्यांतला लाडका संच द्राक्षवेलीचा. दांड्यावर नागमोडी वेल आणि खाली मानेपाशी बसलेला पक्षी. पण चमचे अकराच. बाराव्याच्या शोधात आबा गेली एकोणीस वर्षं नमुना खिशात घेऊन हिंडत होते. नक्षी ओळखण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. दुसरं कोणी त्या भानगडीत पडलेलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

चहा आला, साखरेचं भांडं आलं. भांड्यातल्या चमच्यावर वेल होती, आणि साखरेतून एक पक्षी डोकं वर काढत होता.

विहीणबाई बिस्किटं आणायला आत गेल्या. व्याही बायकोला, लेकीला आणि होणाऱ्या जावयाला गॅलरीतल्या कुंड्या दाखवत होते. आबांनी झटकन दोन्ही चमचे तळहातावर घेऊन भिंग लावलं. पान तेच, देठ तेच. फरक एवढाच, की यांच्या पक्ष्याच्या चोचीत इवलंसं द्राक्ष होतं. आपला पक्षी रिकाम्या तोंडाचा!

"साखर कमी पडली का हो?" विहीणबाई पाठीशीच उभ्या.

आबांनी दचकून एक चमचा खिशात सारला, दुसरा साखरेत खुपसला, भरून कपात टाकला आणि जोरजोरात ढवळला. डॉक्टरांनी साखर बंद केल्याला चार वर्षं झाली होती. गॅलरीतून आत येणाऱ्या बायकोने ते पाहिलं आणि डोळे वटारले.

ढवळून झाल्यावर आबांनी चमचा बशीत ठेवला आणि पक्ष्याकडे पाहिलं. चोचीत द्राक्ष नव्हतं. म्हणजे हा आपला. म्हणजे व्याह्यांची चांदी आपल्या खिशात!

पण आबा डगमगणारे नव्हते. त्यांनी बशीतला चमचा कोपराने खाली पाडला, "असू दे, असू दे, मी घेतो" म्हणत टेबलाखाली शिरले आणि अदलाबदलीसाठी खिशातला बाहेर काढला. तेवढ्यात डोकं टेबलावर आपटलं. कप कलंडले, सगळे वाकून बघू लागले आणि आबा दोन हातांत दोन चमचे घेऊन बाहेर आले.

"बाबा!" लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. जावई छताकडे बघू लागला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. आबांनी नमुन्याची सगळी हकिकत सांगून टाकली आणि उजवा हात पुढे केला. "हा तुमचा. चुकून खिशात गेला. चोचीत द्राक्ष आहे बघा. माझी नजर चुकायची नाही."

व्याह्यांनी भिंग लावलं. "द्राक्ष कुठंय?"

दोन्ही चोची रिकाम्या होत्या.

"आणा इकडे," बायकोने दोन्ही चमचे उलटे केले. "हा ओरखडा बघा. माझ्या बांगडीचा आहे. वर्षानुवर्षं घासतेय मी हे. खिशातला होता तोच आपला. तुम्ही काहीही बदललं नव्हतं."

"मग द्राक्ष?"

"साखरेत बुडालेल्या चमच्याला साखरेचा दाणा चिकटणारच की," विहीणबाई म्हणाल्या. "तो तुम्ही चहात विरघळवलात."

सगळ्यात आधी हसली ती लेक. मग हसू कुणालाच आवरेना.

"नक्षी मात्र तीच," बायको म्हणाली. "पान न् पान. हाच आमचा बारावा."

"मग न्या तो. आमच्याकडे एकटाच उरलाय," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी चमचा पुसला आणि आबांच्या पुढे आलेल्या हाताला वळसा घालून बायकोच्या पर्समध्ये टाकला. "लग्नाची तारीख तेवढी ठरवू या."

जिन्यात आबांनी हात पसरला. "दे की, जरा बघू."

"घरी गेल्यावर. आधी बाराही घासायचे, मग बघायचं."

"त्यात काय मोठंसं!" आबा म्हणाले.

घरी त्यांनी बाह्या सरसावल्या. तिसऱ्याच चमच्यावर त्यांच्या अंगठीचा लांबलचक ओरखडा उठला. आबांनी तो उजेडात धरून नीट न्याहाळला.

"आता हा मी कुठेही ओळखेन," ते ठामपणे म्हणाले.