अर्थ सांगणारे दानियलकाका

दानियलकाका आमच्या मंडळीत कुणालाच नावाने हाक मारत नसत. देवाने ज्याला जे कृपादान दिलं असेल, तेच त्याचं नाव. रविवारी चर्चच्या दारात उभे राहून ते म्हणत, "या, औदार्य! काय गो आदरातिथ्य, गुडघा कसा आहे?" मी शाळेत शिक्षिका, तेव्हा मला शिकवण्याचं दान मिळणार याची मला खात्री होती. काकांनी मला बरेच दिवस निरखलं आणि हातात झाडू दिला. "साहाय्य," ते म्हणाले. "करिंथात याला फार मान होता."

काका कोर्टात कारकून होते. कोल्हापूरपलीकडे कधी गेले नाहीत, पण पहिल्या शतकात, बायबलातल्या करिंथ शहराच्या मंडळीत कोण कुणाशी भांडलं, हे ते शेजारच्या आळीतलं असावं तसं सांगत. लग्नात पंगतीवरून रुसवेफुगवे झाले की मान डोलवत म्हणायचे, "करिंथातही हेच झालं होतं."

आमची मंडळी लहान. पोरं मुंबई-पुण्याला गेली, मागे रिकामी बाकं उरली. पाळक महिन्यातून एकदा यायचे. एरवी उपासना चालवायची ती मंडळीने नेमलेल्या वडिलांनी, म्हणजे काकांनी. "वडीलपण म्हणजे खुर्ची नव्हे," असं बजावत ते पुढची खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसायचे आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत.

मग त्यांच्या बायकोला, रूथकाकूंना, अर्धांगाचा झटका आला. आवाज राहिला, शब्द गेले. "लाबा तेना, तेना लाबा," असं काहीतरी त्या मोठमोठ्याने बोलायच्या. प्रार्थनेत, उपदेशात, कधीही. मूलबाळ नव्हतं, घरी ठेवायचं कुणाजवळ? काका त्यांना रिक्षातून चर्चला आणत.

कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरी विल्सन चाचरत म्हणाला, "काका, राग मानू नका. काकूंना काही दिवस घरीच ठेवा. लोकांचं लक्ष उडतं."

काका शांतपणे उठले. "करिंथात काय ठरलं होतं? कुणालाही न कळणाऱ्या भाषेत बोलणाऱ्याने गप्प बसावं, पण कधी? अर्थ सांगणारा नसेल तर. इथे आहे. मी."

"अहो, पण तुम्ही पुढे बसणार की त्यांच्याजवळ?"

काकांनी खिशातून चर्चच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. "वडील कुणालाही करा," म्हणाले आणि निघाले.

पुढच्या रविवारी ते शेवटच्या बाकावर, काकूंना चिकटून बसलेले. काकू बोलल्या की हे उभे राहायचे. "ती म्हणते, विल्सनच्या आईसाठी प्रार्थना करा." "ती म्हणते, उपदेश लांबला." एकदा म्हणाले, "ती म्हणते, दानियलने आमटी खारट केली." सगळे हसले. काकूही हसल्या असाव्यात. चेहऱ्याची एकच बाजू हलायची, त्यामुळे नक्की सांगता येत नव्हतं. पण त्यांना घरी ठेवायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

हळूहळू त्या दोघांचं येणंच कमी झालं, मग थांबलं. एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. काकू पडवीत खुर्चीवर होत्या. काकांचा हात घट्ट धरून त्या कितीतरी वेळ बोलत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

काकांनी मोकळ्या हाताने, रुमालाने त्यांचे डोळे पुसले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "मला काय ठाऊक गो? एक शब्द कळत नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

मी पडवीच्या पायरीवर बसले.

"मंडळीला दानं वाटत फिरलो. मला हवं होतं ते एकच, हिचं बोलणं कळण्याचं. रोज मागतो. नाही दिलं त्याने."

"मग चर्चमध्ये...?"

"अर्थ सांगणारा नाही म्हटल्यावर गप्प बसवली असती ना तिला."

काकूंनी त्यांची बाही ओढली. पुन्हा काहीतरी बोलल्या. काकांनी खाली वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली.

"म्हणते, पोरीला चहा घेतल्याशिवाय सोडू नका," ते मला म्हणाले आणि आत गेले.

काकू रिकाम्या दाराकडे बघत बोलतच राहिल्या. आतून, भांड्यांच्या आवाजातून, काका त्यांना उत्तर देत होते, "हो गो. हो. तसंच करू."