पोटरीचं माप

टेलरमास्तरांची डावी पोटरी फडफडायला लागली आणि मास्तरांनी धसका घेतला. मशीन थांबवलं तरी पायात आपलं फडफड, फडफड. मोबाईलवर शोधलं, तर त्याने थेट असा आजार दाखवला की ज्यात माणूस आधी झिजतो आणि मग जातो. मन चिंती ते वैरी न चिंती. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून पोटरीला लावली. चौदा इंच. गिऱ्हाइकांच्या वहीत शेवटच्या पानावर त्यांनी तशी नोंद केली.

पंधरा दिवसांनी पावणेचौदा. मग साडेतेरा. मास्तर दिवसातून वीस वेळा टेप ताणून ताणून बघत, पण आकडा वर यायचं नाव घेईना. एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुसऱ्यांनी पायाला झटके देऊन नसा तपासल्या. दोघेही म्हणाले, "काही नाही." म्हणजे आता सांगण्यासारखं काही उरलं नाही, असा मास्तरांनी अर्थ लावला.

त्यातच गिऱ्हाइकांच्या तक्रारी.

"मास्तर, पँट कंबरेत दाटते हो."

"मग कंबर आवरा! माझी वही खोटं बोलत नाही."

आपण इकडे झिजत असताना लोकांनी खुशाल सुटावं, याचा त्यांना मनापासून राग येई. बायकोने नवा कुडता काखेत काचतो म्हटलं, तर तिलाही "खाण्यावर जरा ताबा ठेव" असं ऐकवून ते मोकळे झाले.

सव्वातेरा भरलं त्या दिवशी त्यांनी बायकोला समोर बसवलं.

"काज-बटण तुला येतंच. आता कापायला शिकून घे."

"का हो? पुन्हा ते मरणाचंच?"

"माझा पाय झिजतोय गं. आज पाय, उद्या हात."

तिने डोळे पुसले, दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. मास्तर इतके दिवस ती पायरी टाळत होते, कारण डॉक्टरांची पँटही त्यांनीच शिवली होती आणि तेही कंबरेची तक्रार करून, वर बोलणी खाऊन गेले होते.

डॉक्टरांनी पाय ठोकला, दाबला, मास्तरांना टाचांवर चालवलं. "ताकद उत्तम आहे. दिवसातून किती वेळा चाचपून बघता?"

"वीस-पंचवीस."

"वर दिवसभर पायडल. मग फडफडेल नाहीतर काय करेल बिचारी?"

"आणि हे?" मास्तरांनी वही पुढे केली.

डॉक्टरांनी खणातून स्वतःची टेप काढली. पोटरी चौदा भरली.

"तुमची टेप चुकतेय," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. मास्तरांची जुनी कापडी टेप ताणून ताणून चार बोटं लांब झाली होती. लांबलेल्या टेपेवर आकडा कमीच येणार. मास्तर माणसं मोजत या टेपेने, आणि कापड कापत लोखंडी पट्टीवर. म्हणजे इतके दिवस सगळ्यांचे कपडे घट्टच शिवले गेले होते.

डॉक्टरांनी हळूच पँटचं बटण सैल केलं. "दोन महिने झाले मास्तर, मी रात्रीचं जेवण सोडलंय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. मरणाची भीती परवडली, पण ही लाज नको. बरं, पाय धडधाकट होता, त्यामुळे घरोघर जाऊन माफी मागणं टाळायला सबबही उरली नव्हती.

येताना त्यांनी नवी टेप घेतली. दुकानात वही उघडून कुणाकुणाला जाड म्हटलं ते मोजलं.

"बत्तीस जण," ते पुटपुटले.

"तेहेतीस." बायको मापाच्या जागी येऊन हात वर करून उभी राहिली. "दोन महिने बिनसाखरेचा चहा पितेय मी."

मास्तरांनी मान खाली घालून टेप लावली. आकडा त्यांनी दोनदा वाचला.

"बोला की."

"आहेस तेवढीच आहेस गं." त्यांनी टेप गुंडाळली. "तेव्हाच भांडली का नाहीस?"

"तुम्ही मरायला निघाला होतात. त्यात माझ्या कुडत्याचं काय घेऊन बसायचं?"