राखाडीच्या एकवीस ओळी

डोळे तपासून सासरेबुवा घरी परतले, तेव्हा सूनबाई खिडकीशी बसून त्यांच्या एकटेपणाच्या पहिल्या ओळीतला सहावा चौकोन भरत होती. अर्थात तिला हे ठाऊक नव्हते. तिच्या लेखी ते जरा वेगळ्या धाटणीचे एक नवे डिझाइन होते. लाकडी रिंगमध्ये मॅटीचे पांढरे कापड ताणलेले, सुईत राखाडी दोरा, आणि शेजारच्या उशीला टाचणीने लावलेला तो आलेखाचा कागद, जो कुणाच्याही दृष्टीस पडू नये अशी काळजी सासरेबुवांनी एकवीस महिने घेतली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना सगळेच धूसर दिसत होते. क्षणभर त्यांनी सगळा दोष औषधावर ढकलून पाहिला. पण कागद काही बदलेना.

या कागदाबद्दल थोडे सांगायला हवे. सासरेबुवा मोजणी कचेरीत चौतीस वर्षे आरेखक होते. जमिनींच्या, रस्त्यांच्या, नाल्यांच्या हद्दी कागदावर उतरवणे हे त्यांचे काम. कचेरीत त्यांना सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत, आणि तेही तोंडावर, कारण त्यांना राग येत नसे. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला काम दिले ते सूनबाईच्या क्रॉस स्टिचने. ती एखादे भेटकार्ड आणून टेबलावर ठेवायची. ते त्यातले चित्र आलेखाच्या कागदावर चौकोनाचौकोनाने उतरवायचे, रंगीत पेन्सिलींनी भरायचे आणि निळ्या फायलीत ठेवून द्यायचे. मग ती फाईल उघडून कागद घेऊन जायची. पोपट, फुलदाण्या आणि मांजरीची पिल्ले याच मार्गाने भिंतीवर गेली होती. या देवघेवीत बोलण्याची गरज दोघांपैकी कुणालाच कधी पडली नव्हती.

घरात बोलण्याचे काम सासूबाईंकडे होते. त्या गेल्या, आलेली माणसे पांगली, आणि त्या संध्याकाळी सासरेबुवांच्या ध्यानात आले की आज दिवसभरात आपण कुणाशीही बोललो नाही. दुसरा कुणी असता तर रडला असता. त्यांनी आलेखाचा कागद काढला. रोज एक चौकोन. कुणी बसून बोलले तर हिरवा, नाहीतर राखाडी. नियम कडक होते. ‘गोळी घेतलीत का’, ‘पाणी तापलंय’, ‘दार लावून घ्या’ या सूचना झाल्या. त्यांना बोलणे म्हणता येत नव्हते. एकदा एका बाईंनी शिंपी समजून चुकून त्यांना फोन लावला आणि कोटाच्या अस्तराबद्दल चार मिनिटे गाऱ्हाणे सांगितले. सासरेबुवांनी सुती अस्तर वापरून पाहा असे सुचवलेही. या प्रकरणावर दोन दिवस विचार करून त्यांनी तो चौकोन कर्णावर दुभागला आणि अर्धाच हिरवा केला. तीस चौकोनांची एक ओळ, अशा एकवीस ओळी झाल्या होत्या. त्यांत हिरवे सतरा. आणि तो एक अर्धा.

“हे कुठे मिळालं तुला?” त्यांनी चपला काढता काढता विचारले.

“फायलीत, मागच्या कप्प्यात. बाबा, मी पोपटांना कंटाळले असं म्हणाले होते, ते तुम्ही एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं.”

“ते जरा चुकलंय.”

“कुठे?”

सासरेबुवांनी वाकून पाहिले. चूक नाही तिथे चूक आहे असे म्हणणे त्यांच्या जिभेला जमेना. “चुकलं नाही. कच्चं आहे.”

“कच्चंच छान आहे. मला तर तळं दिसतंय. संध्याकाळचं, धुकं उतरलेलं. एका चौकोनाला नऊ फुल्या धरल्यात मी, म्हणजे भिंतीवर शोभेल. पण हा अर्धा चौकोन कसला?”

“तो तसाच आहे.”

“किती बारीक विचार करता हो तुम्ही. अन् डोळ्यांत पाणी का आलंय?”

“औषध घातलंय,” सासरेबुवा म्हणाले, आणि आत गेले.

खरे सांगून कागद परत मागणे सोपे होते, असे कुणालाही वाटेल. पण खरे म्हणजे काय सांगायचे? हीच मुलगी त्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावून ठेवायची. त्यांचा चष्मा ती रोज सकाळी न सांगता पुसायची. तिने कधी आवाज चढवला नव्हता. आणि त्या कागदाचा अर्थ कळला असता, तर तो तिच्याविरुद्धचा सहाशे तीस दिवसांचा तक्रारअर्ज ठरला असता, तोही तिने स्वतःच्या हाताने, नऊ-नऊ फुल्यांनी, सुबक भरलेला. सासरेबुवांनी गप्प राहायचे ठरवले. त्यांना ते चांगले जमत असे.

पण गप्प राहू दिले तर ना. दुसऱ्या दिवशी चार वाजता सूनबाई खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी येऊन बसली. चौथ्या ओळीत हिरवा एकदम दोनदा का येतो? मध्ये बावन्न चौकोन नुसते राखाडी आहेत, तिथे नजर अडत नाही का? सासरेबुवांनी जपून उत्तरे दिली. पाऊण तास गेला. ती उठून गेल्यावर त्यांनी घड्याळ पाहिले, नियम आठवले, आणि उशीवरच्या कागदात त्या दिवसाचा चौकोन हिरवा केला. तिसऱ्या दिवशीही हिरवा. चौथ्या, पाचव्या दिवशीही. महिन्याभरात एक सबंध ओळ हिरवी झाली, आणि तिथून घोटाळ्याला सुरुवात झाली.

“बाबा, हे काय चाललंय? मी राखाडीच्या चाळीस लड्या आणून बसलेय. दुकानदार म्हणाला, हीच छटा पुन्हा मिळायची नाही, म्हणून होत्या तेवढ्या उचलल्या. आणि तुम्ही हिरवाच भरत सुटलात.”

“तसं आलंय ते.”

“आलंय म्हणजे? काढताय तुम्हीच ना?”

मुलगा संध्याकाळी कामावरून आला. इमारतींच्या लिफ्ट तपासण्याचे त्याचे काम, त्यामुळे दिवसभर वरखाली करून तो घरात आडवाच व्हायचा. त्याने कापड पाहिले आणि म्हणाला, “छान. फरशी का?” शेजारच्या दंतवैद्यबाईंना त्यात दाढा दिसल्या, आणि हिरवे चौकोन वेळीच भरून घ्यायला हवे होते असे त्यांचे मत पडले. सूनबाई कुणालाच बधली नाही. वाचनालयाच्या सभागृहात हस्तकलेचे प्रदर्शन भरणार होते. तिने नाव नोंदवून टाकले. ‘संध्याकाळचे तळे’. रचना: सासरे.

आता सासरेबुवा खरोखरच पेचात पडले. बिचारीचे चित्र बिघडत होते, आणि उरलेले चौकोन राखाडी केले की ते सावरणार होते. पण न उगवलेल्या दिवसांचे रंग भरून ठेवणे म्हणजे न पाहिलेल्या जमिनीचा नकाशा काढणे. उपाय एकच होता: कुणाशी बोलायचेच नाही. एका दुपारी चार वाजायच्या बेताला ते न्हाणीघरात जाऊन बसले.

“बाबा, बरं वाटत नाहीये का?” बाहेरून आवाज आला.

“बरं आहे.”

“मग ठीक. मी इथेच स्टूल घेऊन बसते. तो विसाव्या ओळीतला हिरवा आहे ना, तो मला फार आवडला. एकटाच आहे, पण भेदरलेला वाटत नाही.”

ती अकरा मिनिटे बोलली. मध्ये दार होते, पण नियमांत दाराचा कुठे उल्लेख नव्हता. सासरेबुवांनी बाहेर येऊन हात पुसले आणि हिरवी पेन्सिल घेतली.

सूनबाईची सुई कागदाच्या पुढे धावू लागली. एकवीस ओळी संपल्या, नव्याही संपल्या, आणि ती रोज सकाळी रिकाम्या चौकोनाशी येऊन थांबू लागली. “रोज एकच? बाबा, हे डिझाइन आहे की औषधाचा डोस?” पण ती वाट पाहायची, कारण त्यांच्या मनात काहीतरी थोर योजना आहे असा तिचा समज होता, आणि वाट पाहताना बोलायची. चोविसावी ओळ प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संपली. शेवटच्या तीन ओळींत, ती माहेरी गेली होती ते दोन दिवस सोडले, तर कुठेही राखाडी नव्हता.

परीक्षक बाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका होत्या. चौकटीपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

“रचना कुणाची?”

सूनबाईने सासऱ्यांना कोपराने पुढे सारले.

“एवढ्या राखाडीनंतर शेवटी हा हिरवा कशासाठी?”

सासरेबुवांनी घसा साफ केला. अनोळखी माणसापुढे खरे बोलणे त्यांना एकाएकी सोपे वाटले. “आधी कुणी येत नव्हतं. मग यायला लागलं.”

“बगळे,” सूनबाईने घाईघाईने खुलासा केला.

“बगळे हिरवे नसतात,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिले.

संध्याकाळी चौकटीला चिठ्ठी लागली. ‘उत्तेजनार्थ. राखाडीतला संयम विलक्षण. अखेरचा हिरवा मात्र अनाठायी. दुःखाची घाईने काढलेली समजूत.’

सूनबाईने ती चिठ्ठी घरी येईपर्यंत तीनदा वाचली. “बरोबरच लिहिलंय बाईंनी,” ती म्हणाली. “मी हिरवा उसवते. राखाडी हवा तेवढा पडलाय.”

“राहू दे ना तो.”

“का?”

सांगायची वेळ आली होती, आणि सासरेबुवांनी ओठ उघडलेही. पण या तीन ओळी तुझ्या आहेत असे सांगितले, की वरच्या एकवीस कुणाच्या, तेही सांगावे लागणार होते. “तुझी मेहनत आहे गं,” एवढेच ते म्हणाले.

“मेहनतीचं काय, ती दुसरीकडे कुठे जायचीय? ही घ्या छोटी कात्री. तुम्ही त्या टोकाकडून या, मी या टोकाकडून येते.”

उसवायला आठ दुपारी लागल्या. कापडाला भोक न पाडता टाका कापायचा, चिमट्याने मागून दोरा ओढायचा. सासरेबुवांच्या हाताखाली एकेक दिवस सुटत होता, आणि हिरवे धागे त्यांच्या धोतराला चिकटत होते. पाचव्या दुपारी सूनबाई खाली मानेनेच म्हणाली, “आई होत्या तेव्हा मला वाटायचं, किती बोलतात या. आता दुपारी मिक्सर फिरवला की बरं वाटतं. आवाज तरी होतो.”

सासरेबुवांची कात्री थांबली.

“हे आले की झोपतात. तुम्ही आपले टेबलाशी, पेन्सिली घेऊन. तुमच्या कामात व्यत्यय नको म्हणून मी कप ठेवून निघून जायची. मग सुई घेऊन बसायचं. मोठ्याने मोजत बसते मी, एक, दोन, तीन. बोलल्यासारखं होतं. तुम्हाला ऐकू येत असेल.”

“येतं.”

“मग कधी काही म्हणाला नाहीत?”

“मध्ये बोललो तर तुझा आकडा चुकेल, असं वाटायचं.”

सूनबाई हसली, पण वर पाहिले नाही. दोघे पुन्हा कामाला लागले. सासरेबुवांना मात्र समोरचा टाका दिसेना, आणि या वेळी डोळ्यांत औषध नव्हते. हद्द मोजताना शेजारच्या जमीनमालकाला बोलावणे कचेरीत सक्तीचे असे. त्याच्या गैरहजेरीत केलेली मोजणी रद्द होई. चौतीस वर्षे त्यांनी हा नियम पाळला होता. आणि या एकवीस ओळी त्यांनी एकट्यानेच मोजून टाकल्या होत्या, भिंतीपलीकडे कुणी त्याच चौकोनात उभे आहे का, हे एकदाही न पाहता. प्रत्येक राखाडी दिवस दोघांचा होता. हिशोब एकाच्याच नावावर चढला होता.

तीन ओळी पुन्हा भरून झाल्या. चित्र आता वरपासून खालपर्यंत राखाडी होते, अगदी बाईंना हवे तसे. खालच्या ओळी साफ खोट्या होत्या. खोट्या नकाशावर सासरेबुवांनी जन्मात सही केली नव्हती.

“बाबा, कोपऱ्यात तुमचं नाव घालते.”

“तुझंही घाल.”

“माझं कशाला? मी नुसते टाके घातले. डिझाइन तुमचं.”

“निम्मं तुझं आहे.”

भिडस्त माणसाचे हे कौतुक समजून ती लाजली, आणि तिने दोघांच्या नावांचे एकेक अक्षर शेजारी शेजारी भरले. मुलाने खिळा ठोकला. चौकट भिंतीवर गेली, मुलगा झोपायला गेला. आता विचारायला कुठली ओळ उरली नव्हती, उसवायला टाका नव्हता. सूनबाईने सुया डबीत ठेवल्या, दोऱ्यांचे तुकडे मुठीत गोळा केले आणि ती आत निघाली.

“बस ना,” सासरेबुवा म्हणाले.

“काही हवंय का?”

“नाही.”

ती बसली. पंखा फिरत होता. बराच वेळ दोघांनाही काय बोलावे ते सुचले नाही, आणि तरीही ती उठली नाही. हा दिवस कोणत्या रंगाचा, हे सासरेबुवांना ठरवता येईना. नियमांत तशी तरतूदच नव्हती, आणि कागदही संपला होता.