देवरे सरांचं हँड्स डाऊन

पंचवटीतल्या मिसळीच्या दुकानात देवरे सर पहिला घास घेतात, चमचा खाली ठेवतात आणि दोन्ही हात मांडीवर सोडून जाहीर करतात, "हँड्स डाऊन!" पहिल्यांदा मालक पाणी घेऊन धावला होता. सरांना भोवळ आली, असं त्याला वाटलं.

सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आता आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि जो सापडेल त्याला शिकवतात. "घोड्यांच्या शर्यतीतला शब्द आहे हा. स्वार इतका पुढे निघून गेलेला असतो, की लगाम खेचायची गरजच उरत नाही. हात खाली सोडून जिंकतो. म्हणजे निर्विवाद!" दिंडोरीची द्राक्षं हँड्स डाऊन, नाशिकची थंडी हँड्स डाऊन. एका पाहुण्याने पुण्याच्या मिसळीचं कौतुक केलं, तर सर त्याला सोडायला म्हणून निघाले आणि जिन्यात उभे राहून तासभर भांडले. "माघार आपल्या कुंडलीतच नाही!"

कॅरममध्येही तेच. कुणालाही मुद्दाम जिंकू देत नाहीत. "कीव करून हरणं म्हणजे समोरच्याचा अपमान."

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीला, नलूकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. मुलगा म्हणाला, "आईला आता काही करायला लावू नका." सरांनी त्याच संध्याकाळी कॅरम मांडला. "ती आजारी आहे, बिचारी नाही!"

काकू डाव्या हाताने खेळू लागल्या. स्ट्रायकर भलतीकडेच जायचा. सर धडाधड सोंगट्या घ्यायचे, वर "नेम कुठे विसरून आलात?" म्हणून डिवचायचे. काकू चिडून बोर्ड ढकलायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बसायच्या. मला सरांचा भयंकर राग यायचा. एकदा म्हणालो, "सर, एखादा डाव सोडा की!" त्यांनी मला चक्क दाराबाहेर काढलं.

परवा काकूंचं भांडं परत द्यायला गेलो. बोर्डावर दोघांची एकेकच सोंगटी उरली होती. खेळी काकूंची. त्यांनी बराच वेळ नेम धरला, ओठ घट्ट मिटले आणि टिचकी मारली. सोंगटी सरळ कोपऱ्यात गेली.

सरांचे दोन्ही हात मांडीवर पडले.

"अहो," काकू म्हणाल्या, "म्हणा की आता!"

सरांना म्हणता आलं नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलासुद्धा त्यांनी हात वर उचलले नाहीत.