हाजींचं विमान

हनादीने ब्रश खाली ठेवला, चार पावलं मागे सरकली आणि भिंत तिला इतकी आवडली, की तिने स्वतःलाच शाबासकी दिली. तेवढ्यात बाबा काठी टेकत आले, भिंतीकडे बघितलं आणि मटकन खालीच बसले.

"हे काय आहे?"

"विमान."

"विमान दिसतंय गं मला! विमानाखाली काय आहे?"

विमानाखाली माणसं होती. चांगली बावीस.

गिरणीमालक मुतवल्ली हजला गेले होते. ते परतायच्या आत त्यांच्या घराच्या भिंतीवर त्यांचा प्रवास रंगवायचा, ही लक्सरजवळच्या या गावची रीत. पण हनादीचे बाबा, बदावी रंगारी, शिडीवरून पडले, पाय मोडून बसले आणि ब्रश त्यांच्या मुलीच्या हातात आला. "काबा, उंट, विमान. स्वतःच्या डोक्यातलं काही काढायचं नाही," असं त्यांनी तीनतीनदा बजावलं होतं.

काबा झाला, उंट झाला. पण घराला लागूनच पिठाची गिरणी! दिवसभर हमाल पोती वाहतायत, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा वाहतायत. ते बघून बघून हनादीने विमानाला चाकं काढलीच नाहीत. सरळ हमालांच्या खांद्यांवर ठेवून दिलं. खिडकी एकच. खिडकीत मुतवल्ली, आणि पोट खिडकीबाहेर.

"मुतवल्लींनी नाक मुरडलं, की गावात एक भिंत मिळायची नाही आपल्याला!" बाबांचा आवाज चिरकला. "खायचं काय मग? रंग?"

"पुसून टाकू?"

"तेलरंग पुसतेस? झाक! ढग काढ, ढग!"

पांढरा रंग सात हमालांतच संपला. बाबांनी चुना कालवून दिला. उरलेले पंधराजण चुन्याच्या ढगात गेले आणि बाबांनी श्वास सोडला. पण तेलरंगावर चुना कसला टिकतोय! उन्हाने तो वाळून झडायला लागला आणि ढगातून एकेक चेहरा बाहेर आला, तोही केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी घेऊन. आधी ते कुठलेही हमाल वाटले असते. आता अगदी पिठात माखलेले गिरणीचेच हमाल!

कालव्याच्या पुलावर हाजींच्या स्वागताचा ढोल वाजला.

"संपलं," बाबा म्हणाले.

मुतवल्ली गाडीतून उतरले. बायकांनी आनंदाचे चीत्कार केले. मुतवल्ली भिंतीकडे बघत होते. हनादीने ब्रश पाठीमागे लपवला.

मुतवल्लींचे डोळे भरून आले. "बघा रे! माझ्या माणसांनी मला खांद्यावरून घरी आणलं!" त्यांनी बाबांना कडकडून मिठी मारली.

"कळलंच नाही त्यांना!" हनादी फणकारली.

"गप्प बस, कार्टे. वाचलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरूच झाली नाही. बावीस हमाल त्याच भिंतीच्या सावलीत चहा पीत बसले होते.

"काय रे, अय्याद?" मुतवल्लींनी सगळ्यात म्हाताऱ्या हमालाला विचारलं.

"खांदे धरलेत, हाजी. जेद्दापासून लक्सरपर्यंत विमान वाहून आणायचं म्हणजे..."

"अरे, ते चित्र आहे!"

"काल तुम्हीच सांगत होतात ना सगळ्या गावाला? की खोटं सांगत होतात? हजहून आल्या आल्या?"

गल्ली खो खो हसली. मुतवल्ली तरातरा बदावींच्या दाराशी आले. बाबांनी डोळेच मिटून घेतले.

"कुठंय तुमची पोरगी? विमानाला चाकं काढ म्हणावं! आत्ताच्या आत्ता!"

"काढते की," हनादी म्हणाली. "पण माणसांचं काय करू? तेलरंग पुसत नाही."

"बसव त्यांना आत!"

"खिडकी एकच आहे."

"मग काढ ना खिडक्या!"

हनादीने चाकं काढली, पांढऱ्या ढगाखाली गेलेले सातजण पुन्हा रंगवले, हमालांच्या अंगावरून विमानाचं पोट खाली ओढलं आणि प्रत्येकाच्या तोंडाभोवती एक खिडकी केली. अय्यादकाकांना तर मुतवल्लींच्या शेजारची जागा मिळाली. एवढ्या खिडक्यांना भिंत मात्र पुरेना. विमान लांबत लांबत गेलं आणि शेपटी आली थेट गिरणीच्या लाकडी दारावर.

आता दर शुक्रवारी नमाजानंतर लांबलांबून पाहुणे हाजींना भेटायला येतात, विमान बघतात. दार उघडं राहिलं, की हाजींचं विमान बिनशेपटीचं दिसतं.

म्हणून शुक्रवारी गिरणी बंद असते.