सॅम्पलप्रमाणे माल

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या भैरवनाथ ड्रम कंपनीचे ड्रम बुडातून गळत असत. सन २००५ साली ही गोष्ट सर्वांना माहीत होती. मालक सोपानराव, म्हणजे आमचे आप्पा, यांना माहीत होती. पाळीवरचा सुपरवायझर जालिंदर याला माहीत होती. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायकांना तर फार आधीपासून माहीत होती. गिऱ्हाइकाने परत पाठवलेले ड्रम नेऊन त्या त्यांत कढीपत्ता लावत. झाडाला निचरा लागतो. तो आमच्या ड्रमला मुळातच असे.

कारणही माहीत होतं. साचा झिजला होता. जालिंदर दर सोमवारी केबिनमध्ये येऊन एकच सांगे, "आप्पा, साचा बदलू. केमिकलवाल्यांनी शेवटचं सांगितलंय. आता एक लॉट गळला की त्यांची ऑर्डर गेली, आन् ऑर्डर गेली की आमी समदी घरी." आप्पा व्हय म्हणत. साचा बदलायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात आप्पा पुण्याला एका चर्चासत्राला जाऊन आले.

चर्चासत्र लघु व मध्यम उद्योजकांसाठी होतं. जेवण चांगलं होतं. जेवणाआधी एका टायवाल्या गृहस्थांनी सांगितलं की, जो मालक स्वतःच्या डोळ्यांनी धंदा बघतो त्याचा धंदा लहानच राहतो. मोठे लोक 'बिझनेस इंटेलिजन्स' नावाच्या सॉफ्टवेअरमधून बघतात. आप्पा मूळचे तळेगाव ढमढेऱ्याचे. पटलेली गोष्ट उद्यावर टाकणं त्यांना जमत नाही. त्यांनी केबिनमधून कारखाना दिसायचा त्या खिडकीला जाड पडदा लावून घेतला आणि परिपत्रक काढलं, की सॉफ्टवेअर येईपर्यंत सगळे निर्णय थांबतील आणि त्यानंतरही कंपनीत कोणताही निर्णय डोळ्यांनी बघून घेतला जाणार नाही. त्यात साचाही आला.

जालिंदरने एका ड्रममध्ये पाणी भरून तो केबिनच्या दारात ठेवला. खाली ओलं झालं.

"हे तुझं मत झालं," आप्पा म्हणाले. "मला डेटा पायजे."

रीतसर निवड समिती नेमण्यात आली. अध्यक्ष आप्पा. सदस्य त्यांची सून अक्षदा, कारण ती बी.कॉम. होती आणि हिशेब तीच बघे. दुसरा सदस्य जालिंदर, कारण समितीबाहेर तो जास्त बोलला असता. सचिव मी, कारण मी शिरूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि प्रोजेक्टरची वायर कुठं लावतात हे कंपनीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

पहिली कंपनी पुण्याहून आली. त्यांच्या माणसाने भिंतीवर सायकली विकणारा कुठलासा उद्योग दाखवला. त्याच्या विक्रीचे निळे खांब डावीकडून उजवीकडे उंच होत गेले होते. हे काय, असं आप्पांनी विचारल्यावर तो म्हणाला की हा नुसता दाखवण्यापुरता सॅम्पल डेटा आहे.

इथं आमच्या धंद्याची रीत सांगणं भाग आहे. ड्रमच्या व्यवहारात आधी सॅम्पल दाखवतात. गिऱ्हाईक ते ठोकून बघतं, उलटं करून बघतं, पसंत पडलं तर त्यावर सही करतं. मग पुढचा सगळा माल सही केलेल्या सॅम्पलप्रमाणेच द्यावा लागतो. नाही दिला, तर परत. आप्पांची उभी हयात याच रीतीत गेली होती. त्यांनी मला खांबांची प्रिंट काढायला लावली आणि अक्षदाकडे झुकून म्हणाले, "वाढ बेताचीच हाय. दुसरं सॅम्पल बघू."

"मामा, ते आकडे आपले नाहीत," अक्षदा म्हणाली.

"आत्ता न्हाईत गं. अजून घेतलंय कुठं?"

दुसऱ्या कंपनीच्या माणसाला बहुधा बाहेर चहा पिताना कोणीतरी सावध केलं असावं. त्याच्या सायकलींचे खांब भिंत संपून छताला लागले. उत्तर विभाग तर विशेष जोरात होता. आप्पांनी बसल्या जागी तीनदा मान डोलावली.

तिसरा महेंद्र. तो दौंडला स्टेशनजवळ कॉम्प्युटरचे क्लास घेई आणि त्याने सॉफ्टवेअर स्वतःच लिहिलं होतं. त्याने एक अक्षम्य चूक केली. अक्षदाकडून आमचेच खरे आकडे आधी मागून घेतले आणि तेच भिंतीवर लावले. खांब उतरत गेले होते. शेजारी परत आलेल्या ड्रमांचा लाल खांब तेवढा वाढत होता. वर महेंद्र म्हणाला की सॉफ्टवेअर नंतर घ्या, आधी साचा बदला. जालिंदरने टाळ्या वाजवल्या. सदस्याला न शोभणारं वर्तन म्हणून इतिवृत्तात त्याची नोंद आहे.

महेंद्र गेल्यावर आप्पांनी त्याच्याही खांबांची प्रिंट उलटसुलट करून पाहिली. मग हळहळून म्हणाले, "पोरगं हुशार हाय. पण सॅम्पलच असं, तर माल कसा यील?"

महेंद्र तांत्रिक निकषावर बाद झाला. दुसरी कंपनी निवडली गेली आणि तिच्या खांबांच्या प्रिंटवर आप्पांनी सही केली.

सॉफ्टवेअर बसवायला राजश्री नावाची इंजिनिअर आली. अक्षदाने खरे आकडे भरले आणि खांब घसरले. आप्पांनी कपाटातून सही केलेली प्रिंट काढली, स्क्रीनशेजारी धरली आणि 'माल सॅम्पलप्रमाणे नाही, सबब परत' असा शेरा मारला. राजश्रीने दुपारभर समजावलं. तिला काम पूर्ण झाल्याची आप्पांची सही हवी होती आणि दौंडहून पुण्याची गाडी गाठायची होती. शेवटी तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि आमचे आकडे काढून सायकलींचे परत घातले. खांब छताला लागले. आप्पांनी सही केली आणि तिला स्टेशनवर सोडायला स्वतःची जीप दिली.

तिथून कंपनी स्क्रीनप्रमाणे चालू लागली. उत्तर विभाग जोरात असल्याने आमचा उत्तर विभाग कुठला, हे ठरवावं लागलं. शिरूर आमच्या उत्तरेला पडतं, म्हणून ते ठरलं, आणि तिथं कोर्स केल्यामुळे विभागप्रमुख मी झालो. स्क्रीनवर सायकलवाल्यांच्या हातमोज्यांची विक्री मंदावलेली दिसली. कंपनीत हातमोजे घालणारा जालिंदर एकटाच. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. सर्वोत्तम विक्रेता म्हणून विल्यम नावाचे कोणी गृहस्थ दिसत होते. पंधरा ऑगस्टला त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठेवला. ते आले नाहीत, म्हणून नारळ मी घेतला.

जालिंदरचा सोमवार मात्र चुकत नव्हता. एका सोमवारी आप्पांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि शोधाच्या चौकटीत माझ्याकडून 'साचा' असं टाइप करवून घेतलं. उत्तर आलं, शून्य नोंदी.

"कंपनीत साचाच न्हाई," आप्पा समजुतीने म्हणाले, "तर झिजल कसा?"

पुढच्या आठवड्यात केमिकल कंपनीचे खरेदी अधिकारी सतीश साहेब आमचा एक पाण्याने भरलेला ड्रम घेऊन केबिनमध्ये आले. तो त्यांनी फरशीवर ठेवला, आणि ऑर्डर रद्द, एवढंच बोलले. आप्पांनी त्यांना आदराने स्क्रीनपुढे नेलं. गळतीचा रकानाच यात नाही, हे दाखवलं. साहेबांनी हात जोडले आणि ड्रम तिथंच ठेवून निघून गेले.

संध्याकाळी पडद्यापलीकडचा मशीनचा आवाज थांबला. जालिंदर हातमोजे टेबलावर ठेवून म्हणाला, "येतो आप्पा. काम न्हाई राहिलं."

आप्पांना खरोखरच नवल वाटलं. "एवढी वाढती कंपनी सोडून कोण जातं रं?"

"तुमी तो पडदा सारा एकदा. मग जातो."

आप्पांचा हात पडद्याकडे गेला. दोरीला लागलाही. मग त्यांना परिपत्रक आठवलं असावं, कारण हात मागे आला. साहेबांच्या ड्रममधलं पाणी तोवर टेबलाखालून त्यांच्या चपलांपर्यंत पोचलं होतं. आप्पांनी खाली न बघता दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. जालिंदर थोडा वेळ थांबला आणि गेला.

ही हकिगत छापायला देण्याआधी मी तिचे आकडे त्याच सॉफ्टवेअरमधून काढून घेतले आहेत. वाचताना ज्यांना ओळखीचा दुसराच कोणी आठवला असे वाचक शंभर टक्के. ज्यांना आपण स्वतःच आठवलो असे शून्य. आकडे सॅम्पलचे आहेत. पण तुम्ही खुशाल सही करा, माल अगदी तसाच येतो आहे.